वरवंट्याची गोष्ट

आमच्या आजोळी प्रत्येक कार्याला एक गोष्ट सांगितली जायची. बारसं असो, डोहाळजेवण असो, गणपतीत सगळ्या मावश्या जमलेल्या असोत, जेवणं आटोपून बायका पानाचं तबक पुढे ओढून बसल्या की कुणीतरी म्हणायचंच, ‘वरवंटा आत ठेवलाय न्हवं गं? मामा याय लागलाय.’ मग हशा. मग ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी ती पहिल्यापासून.

गोष्ट अशी. मामा चौदा वर्षांचा होता. दिवाळीचे दिवस. बेळगावातल्या शहापूरच्या घराच्या पुढच्या अंगणात त्यानं किल्ला केला होता. पाच बहिणींत हा एकटा भाऊ, तीन थोरल्या, दोन धाकट्या. किल्ल्यावरचा मातीचा मावळा फुटला म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बहिणींनी त्याला घेरून ‘बायल्या, बायल्या’ म्हणून चिडवलं. तो आत गेला, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आजीच्या माहेरून आलेल्या आरशाच्या कपाटावर फेकला. आरसा फुटला. गोष्ट इथं संपते. पुढं काय झालं ते कुणी सांगत नसे, कारण हसायचं तेवढं हसून झालेलं असायचं.

गेल्या आषाढात पाऊस धरला होता. टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत दोन दिवस कपडे वाळत नव्हते. रात्री लॅपटॉपवर काहीतरी हलकंफुलकं बघावं म्हणून मी ‘पंच-ड्रंक लव्ह’ लावला. २००२ सालचा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन. प्रेमकथा आहे, विनोदी आहे, दीड तासाच्या थोडा वर आहे, एवढं वाचून बसले होते. वीस मिनिटांत मी उशी छातीशी धरून बसले होते. पडद्यावर माझा मामा होता.

नायकाचं नाव बॅरी ईगन. त्याला सात बहिणी. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत एका गोदामात त्याचा छोटा धंदा आहे, तुंबलेली मोरी मोकळी करायचे शोभिवंत दांडे विकायचा. अंगात कडक निळा सूट. तो का घातलाय असं जो तो विचारतो आणि त्याला नीट सांगता येत नाही. बहिणी दिवसभर फोन करत राहतात, संध्याकाळच्या पार्टीला येतोयस ना म्हणून. तो गेल्यावर तिथं सगळ्यांसमोर जुनी गोष्ट निघते, लहानपणी चिडवल्यावर यानं हातोडा फेकून काच कशी फोडली होती त्याची. सगळ्या हसतात. थोड्या वेळानं तो उठतो आणि लाथा घालून त्या घराची काचेची सरकती दारं फोडतो.

बॅरीचं काम करणारा अॅडम सँडलर हा नट आरडाओरड्याच्या विनोदी सिनेमांसाठी प्रसिद्ध. त्या सिनेमांत त्याचा राग हसण्यासाठी असतो. अँडरसननं तोच नट आणि तोच राग घेतला, फक्त रागाच्या आधीचं आणि नंतरचंही दाखवलं. काच फोडल्यावर बॅरी मेव्हण्याला बाजूला घेऊन हळू आवाजात मदत मागतो. मेव्हणा दातांचा डॉक्टर, त्याला काय कळणार? बॅरी म्हणतो की कधीकधी मला मी आवडत नाही. माझ्यात काही बिघडलंय का तेही मला कळत नाही, कारण बाकीची माणसं कशी असतात तेच मला माहीत नाही. आणि एकदम रडायला लागतो. आमच्या घरातल्या पुरुषांपैकी कुणी असं वाक्य बोललेलं मी ऐकलेलं नाही. मनात मात्र तेच असेल, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

सिनेमाच्या सुरुवातीला पेटी आहे. पहाटेची वेळ, बॅरी कॉफीचा कप घेऊन रस्त्याच्या कडेला उभा आहे. समोर एक मोटार भरधाव येते आणि काही कारण नसताना उलटीपालटी होते. पाठोपाठ एक गाडी थांबते, त्यातून एक लहानशी हार्मोनियम खाली ठेवली जाते आणि गाडी निघून जाते. कुणी ठेवली, कशासाठी, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. बॅरी आधी घाबरतो. मग धावत जाऊन ती उचलतो आणि छातीशी धरून आत पळतो. रस्त्यावर सापडलेलं लेकरू उचलावं तशी. पुढं टेबलावर ठेवून एकेक पट्टी दाबून बघतो. भात्याला चीर पडलेली असते, ती चिकटपट्टी लावून बुजवतो.

अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ती वस्तू चमत्कारिक वाटत असेल. बेळगावच्या माणसाला कशी वाटेल? आमच्याकडे भजनी मंडळ नाही अशी गल्ली शोधावी लागेल, आणि पेटीशिवाय भजन कसलं. पं. रामभाऊ विजापुरे यांनी याच गावात आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली. मामा स्वतः कुणाचा गंडाबंध शिष्य नाही, तो ऐकून ऐकून शिकला. शहापुरातल्या एका साड्यांच्या पेढीवर तो हिशेब लिहायचा, आणि रात्री नऊ वाजता जेवण झालं की कॉटखालून पेटी ओढायचा. ती त्यानं एका मंडळाकडून जुनी विकत घेतलेली. पायपुसण्याच्या जाड कापडात गुंडाळलेली असायची. डावा हात भात्यावर, डोळे मिटलेले. तेवढा पाऊण तास घरात कुणी त्याची चेष्टा करत नसे.

पेटीबद्दल त्यानंच मला सांगितलं होतं. ती मूळची परदेशातली. १८४२ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं, पुढं कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसवला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. खरं, तिच्यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येत नाही, पट्टी दाबली की सूर ठाम उभा. अशा दोषांसाठी आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवलं. ‘एकतीस वर्षं!’ मामा बोटं नाचवून म्हणायचा. ‘हिला काय येत नाही तेवढंच सांगत बसले. हिला काय येतंय ते गल्लीगल्लीत ऐकू याय लागलं होतं.’ तेव्हा मी लहान होते, मला वाटलं तो पेटीबद्दल बोलतोय.

आता त्या दृश्याकडे येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

लीना ही बॅरीच्या बहिणीबरोबर काम करणारी बाई. एमिली वॉटसननं ती केलीय. तिनं बहिणीकडे घरच्या सगळ्यांचा फोटो पाहिलेला असतो, आणि या गोंधळलेल्या माणसाला भेटायचंच असं ठरवून ती आलेली असते. हे ती त्याला सांगूनही टाकते. दोघं जेवायला जातात. बोलता बोलता ती म्हणते, तुझ्या बहिणीनं तुझी एक गंमत सांगितली, हातोड्याची. तिच्या मनात काही वाईट नसतं. बॅरीचा चेहरा मात्र विझतो. तसं काही झालं नव्हतं म्हणतो, क्षमा मागून उठतो, स्वच्छतागृहात जातो आणि तिथलं सगळं मोडून काढतो. परत येऊन काही झालंच नाही असा खुर्चीवर बसतो. हॉटेलचा मॅनेजर येऊन त्याला बाहेर जायला सांगतो.

लीना उठते आणि त्याच्याबरोबर बाहेर पडते. काय केलंस, का केलंस, एक प्रश्न नाही. बाहेर दोघं चालत राहतात आणि बोलणं पुढं सुरू होतं. मी ते दृश्य थांबवून पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्यांदाही पाहिलं. बहिणींकडे आणि लीनाकडे माहिती एकच होती, हातोडा आणि काच. बहिणी त्या गोष्टीपाशी तीस वर्षं उभ्या राहिल्या. ही त्या गोष्टीवरून पाय टाकून पलीकडे गेली, जिथं तो माणूस उभा होता.

आमच्या घरीही अशी एक बाई आली होती.

१९९५ साल असेल. आजोळच्या घराची माडी एका शाळामास्तरणीला भाड्यानं दिली होती. त्या कन्नड शाळेत शिकवायच्या, सगळे त्यांना टीचर म्हणत. पस्तिशीच्या आतबाहेर असतील. मराठी मोडकं बोलायच्या, पण ऐकलेलं सगळं कळायचं. मामा तेव्हा अडतीसचा, बिनलग्नाचा. दोनतीनदा जमत आलेलं मोडलं होतं, कारण मुलीकडचे चौकशीला आले की कुठून ना कुठून वरवंटा त्यांच्या कानावर जायचाच. रात्री पेटी सुरू झाली की टीचर जिन्याच्या चौथ्या पायरीवर येऊन बसायच्या. एकदा मामानं त्यांना पाहिलं आणि हात थांबवला. त्या म्हणाल्या, ‘निल्लिसबेडि.’ थांबवू नका. दुसऱ्या दिवसापासून मामा पेटी जिन्याकडे तोंड करून मांडायला लागला.

मी सहावीत होते, मे महिन्याच्या सुट्टीत तिथं राहायला. एका दुपारी टीचर माडीवर वह्या तपासत होत्या आणि मी त्यांच्याशेजारी लोळत पडले होते. त्या म्हणाल्या, मामा तुझे फार शांत आहेत. मला चेव आला. मी त्यांना वरवंट्याची गोष्ट सांगितली. अगदी मावश्यांसारखी, हातवारे करून, आरसा फुटल्याचा आवाज काढून. मला ती हसवून सांगता येत होती याचा अभिमान होता.

टीचर हसल्या नाहीत. लाल पेनाचं टोपण लावून त्यांनी विचारलं, ‘मग त्यांच्या पायाला लागलं काय गं?’

मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा असलं तरी ते गोष्टीत आलं नव्हतं. चौदा वर्षांचा अनवाणी मुलगा फुटलेल्या काचांत उभा आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. मी उठून खाली पळाले.

वर्षभरानं टीचरांची बदली बैलहोंगलला झाली. त्यानंतर काही महिने मामा दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. घरी सांगायचा, पेढीच्या वसुलीला जातोय. सिनेमात बॅरीला पुडिंगच्या डब्यांचा नाद लागतो ते पाहताना मला तो शर्ट आठवला. एका कंपनीच्या जाहिरातीत चूक आहे, डबे थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांवरचे कागद पाठवले की विमानप्रवासाचे मैल भरपूर, असं त्याच्या लक्षात येतं. हे अँडरसनच्या डोक्यातून निघालेलं नाही. डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं १९९९ साली खरोखर १२,१५० डबे घेतले होते आणि साडेबारा लाख मैल मिळवले होते. बॅरी मात्र ज्याला कुठं जायचंच नाही असा माणूस. लीना कामासाठी हवाईला जाते आणि हा तिच्यामागे जायला निघतो, तेव्हा कळतं की मैल जमा व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तो खिशातले पैसे घालून तिकीट काढतो आणि जातो.

मामा बैलहोंगलला जातो हे गणपतीत उघड झालं. कुणी भांडलं नाही. आजीनं दोन दिवस जेवण सोडलं, तेवढंच. त्या दिवसांत गावात भाषेवरून वातावरण तसंच तापलेलं, पण खरं सांगायचं तर आमच्या घरात कानडी हे कारण नव्हतं. निपाणीची मावशी, खानापूरची मावशी, चंदगडची मावशी, सगळ्यांच्या तोंडी कानडी होतीच की. कारण होतं हसू. पानाचं तबक पुढे आलं आणि कुणीतरी म्हणालं, ‘बैलहोंगलला पण एक आरसा घेऊन ठेवा गं बाई.’ मामा पडवीत बसला होता. मीही हसले, आठवतंय मला. पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्यानंतर कधीच नाही.

बॅरीवर संकट येतं तेही एकटेपणातून. एका रात्री नुसतं कुणाशी तरी बोलावं म्हणून तो जाहिरातीतल्या नंबरावर फोन करतो, आणि पलीकडचे लोक त्याचं कार्ड, पत्ता, सगळं घेऊन त्याला धमकावायला लागतात. त्या टोळीचा म्होरक्या युटा राज्यात गाद्यांचं दुकान चालवतो, फिलिप सीमोर हॉफमननं मोजक्या दृश्यांत तो थरकाप उडेल असा केलाय. आज व्हिडिओ कॉल करून, चित्रीकरण करून एकट्या माणसांकडून पैसे उकळतात, त्याच्या वीस वर्षं आधीचं हे. अशी माणसं फसतात तेव्हा आपण म्हणतो, कशाला गेला होता मरायला. कशाला गेला होता ते बॅरीकडे पाहून कळतं. शेवटी तो त्या माणसासमोर उभा राहून सांगतो की माझ्या आयुष्यात आता प्रेम आहे आणि त्यानं मला तुला कल्पना करता येणार नाही एवढं बळ दिलंय. हातात टेलिफोनचा तुटलेला रिसीव्हर. राग तोच, पण आता त्याला ठाऊक आहे तो कशासाठी आहे. कान महोत्सवात २००२ साली अँडरसनला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, कोरियाच्या इम क्वोन-तेक यांच्याबरोबर विभागून. माझ्यापुरतं ते एकट्या रिसीव्हरच्या दृश्यासाठीही मिळायला हरकत नव्हती.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी शहापूरला गेले. मामा आता अडुसष्टचा आहे. आजी गेली, माडी रिकामी, पेढीचं काम सुटून बरीच वर्षं झाली. स्वयंपाकाला एक बाई येतात. मी म्हटलं, मामा, एक सिनेमा दाखवायचाय, त्यात पेटी आहे. तो चष्मा पुसून बसला. मी अर्थ सांगत होते.

सुरुवातीचा अर्धा तास तो कुरकुरत होता. सिनेमात जॉन ब्रायनचं संगीत आहे, ठोके, खडखड, मध्येच काहीतरी आपटल्यासारखं, पात्रांचं बोलणंसुद्धा नीट ऐकू देत नाही. ‘हे मागं काय वाजवाय लागलेत? डोस्कं उठलं.’ मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘राहू दे. डोस्क्यात असंच चालू असतंय.’

बॅरीनं भात्याला चिकटपट्टी लावली तेव्हा मामा खुर्चीतून पुढे सरकला. ‘पट्टी नको रे. दोन दिवसांत सुटतीय ती. सरस पाहिजे, आणि पातळ कातडं.’

हॉटेलचं दृश्य आलं. मी अर्थ सांगायचा थांबले. लागलाच नाही. लीना उठून त्याच्याबरोबर बाहेर पडली तेव्हा त्यानं विचारलं, ‘काय म्हणाली ती?’

‘काही नाही. विचारलंच नाही तिनं.’

तो बराच वेळ बोलला नाही. सिनेमा पुढं चालू होता. शेवटी बॅरी पेटी छातीशी धरून धावत लीनाच्या दाराशी जातो, सगळं कबूल करतो, दवाखान्यात तिला एकटं सोडून गेल्याबद्दल माफी मागतो. तिथं मला राहवलं नाही. मी लॅपटॉप थांबवला आणि म्हटलं, मामा, टीचरांना वरवंट्याची गोष्ट मी सांगितली होती. सहावीत होते. मीच सांगितली.

‘ठाऊक आहे की मला.’

‘कसं?’

‘तिनंच विचारलं होतं. पाय दाखवा म्हणाली.’

त्यानं धोतर जरा वर घेतलं. उजव्या पावलावर, अंगठ्याच्या मागे, दोन बोटं लांबीचा पांढरा व्रण. इतकी वर्षं मी त्या पावलांना वाकून नमस्कार करत आले होते.

‘दाखवलास?’

‘दाखवला.’ आणि मग, ‘लाव पुढचं. पेटी वाजवतोय का नाही शेवटी?’

वाजवतो. लीना मागून येऊन त्याच्या गळ्यात हात टाकते आणि तो पट्ट्यांवर बोटं ठेवतो. सिनेमा संपला तरी मामा पडद्याकडे बघत होता. नंतर उठून वाकला, कॉटखाली हात घातला आणि कापडात गुंडाळलेली पेटी बाहेर ओढली. कितीतरी वर्षांत उघडली नव्हती. भाता दाबला तर सूर निघायच्या आधीच दम गेला. त्यानं देवापुढची उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली.

‘घडीघडीजवळनं सावकाश फिरव. धूर जिथं वाकतोय तिथं भोक.’

तो भाता दाबत राहिला, मी उदबत्ती फिरवत राहिले. वरची घडी, दुसरी, धूर सरळ वर जात होता. तिसऱ्या घडीच्या कोपऱ्याशी तो एकदम बाजूला फेकला गेला.

‘हितं,’ मी म्हटलं.

मामानं त्या जागेवर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं सा लावला. ‘कातडं रविवार पेठेत मिळतंय का बघ,’ तो म्हणाला. ‘आणि सरस आण. येत्या रविवारीच ये.’